गाठ पूर्ण निघाली, तरी रेडिएशन कशासाठी?

कवडसा

बाबांच्या उजव्या कानशिलावरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. त्वचेचा कर्करोग, स्क्वेमस सेल कार्सिनोमा. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन सर्जन म्हणाले होते, "दिसत होतं ते सगळं काढलंय." आम्ही त्यातलं "सगळं काढलंय" एवढंच ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

परवा टाके काढायला गेलो, तर त्यांनी अंतिम रिपोर्ट पुढ्यात ठेवला आणि रेडिएशन घ्यावं लागेल म्हणाले. एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप), तीस वेळा, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. मांडीची कातडी काढून कानशिलावर लावलीय, ती नीट धरली की सुरू करायचं. बाबा परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "निघालंय ना सगळं? मग आता शेक कशाला देतायत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिपोर्टमधलं मला कळलं तेवढं लिहिते. आकार २.६ सेंमी, खोली ७ मिमी, मॉडरेटली डिफरन्शिएटेड (म्हणजे मधल्या प्रतीचा). बाजूच्या कडा मोकळ्या, खालची कड मोकळी पण "क्लोज, १ मिमी". पेरिन्यूरल इन्व्हेजन आहे, म्हणजे आजार नसेला (मज्जातंतूला) धरून वाढलाय, नस ०.२ मिमी जाड. मानेची सोनोग्राफी स्वच्छ. वय ७१, मधुमेह नाही.

हे घाबरवण्यासाठी सांगतात का? न घेतल्यास काय होतं? घेतलेल्या कुणी असेल तर कृपया लिहा. बाबांना पुढच्या सोमवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचाय.

पारंबी

कवडसाताई, मी घेतलंय. डोक्याच्या टाळूवर होता, तीन वर्षं झाली. माझाही पहिला प्रश्न हाच होता आणि तुमच्या बाबांसारखीच मीही दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. रेडिएशन म्हटल्यावर ऑपरेशन फसलं असंच वाटतं. ते तसं नसतं, पण त्या दिवशी कुणी कितीही सांगितलं तरी पटत नाही.

एक सुचवते. बाबांना निर्णय विचारण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांशी त्यांची स्वतंत्र भेट घडवा. माझ्या बाबतीत सगळं सर्जनच्या तोंडून कळलं होतं आणि तेही टाके काढताना, उभ्याउभ्या. पुढे रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर माझ्या डोक्याचं चित्र काढून कुठे, किती खोल, का हे अर्धा तास समजावलं. त्या कागदाने माझा होकार मिळवला. तुमच्या बाबांनाही तेवढा अर्धा तास मिळायला हवा.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णासमोर आम्ही कधी येत नाही, पण हे रिपोर्ट आम्हीच लिहितो, त्यामुळे या प्रश्नाचं थोडं उत्तर देणं लागतो. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा हे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी समजू नका.

"सगळं काढलं" याचे दोन अर्थ आहेत. सर्जनचा अर्थ डोळ्याला आणि बोटाला जाणवणाऱ्या गाठीपुरता. ती त्यांनी भोवतालच्या काही मिलिमीटर चांगल्या कातडीसकट काढलेली असते. आमचा अर्थ सूक्ष्मदर्शकाखालचा. तो तुकडा आम्ही शाई लावून, उभ्या चकत्या कापून बघतो. शाई लागलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी भिडलेल्या नसतील तर कड मोकळी लिहितो. मात्र दोन चकत्यांच्या मधला भाग आम्ही पाहिलेला नसतो. म्हणजे कडेचा थोडाच भाग तपासून आम्ही उरलेल्याबद्दल अंदाज करत असतो. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. (मोह्ज पद्धतीत संपूर्ण कड आडवी तपासतात. फ्रेडरिक मोह्ज यांनी १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये ती सुरू केली. चेहऱ्यावरच्या गाठींना ती फार उपयोगी, पण सगळीकडे उपलब्ध नसते.)

आता तुमचा रिपोर्ट. त्यात तीन गोष्टी माझ्या नजरेत भरल्या. खोली ६ मिमीच्या वर आहे. खालच्या कडेला फक्त १ मिमी अंतर आहे. आणि नस. या तिघींतली नस सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

काही स्क्वेमस कर्करोग नसेच्या वेष्टणाला धरून तिच्या कडेकडेने सरकत जातात. मूळ गाठीपासून बरेच दूर जातात आणि कातडीवर वरून काहीच दिसत नाही. नस जितकी जाड तितका धोका अधिक, ०.१ मिमीची रेघ सर्वसाधारणपणे धरली जाते. बाबांची ०.२ आहे. कानशिलावरच्या संवेदनेच्या नसा ट्रायजेमिनल नसेच्या फांद्या असतात आणि त्या फांद्या माग काढत गेल्या तर कवटीच्या तळाशी पोचतात. एवढ्या लांब चाकू नेता येत नाही. खालच्या बाजूला आणखी कापावं तर तिथून फेशियल नसेची भुवई उचलणारी फांदी जाते. किरण मात्र कापाकापी न करता त्या वाटेवर पोचवता येतात. तुमच्या सर्जननी रेडिएशनकडे पाठवलं त्यामागे हे असावं असं रिपोर्टवरून वाटतं.

एक विचारतो. ऑपरेशनच्या आधी बाबांना त्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, कपाळावर काहीतरी चालल्यासारखं वाटत होतं का? असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कवडसा

सूक्ष्मदर्शी, तुमचा प्रतिसाद वाचून मी तशीच उठून बाबांना विचारलं. हो म्हणाले. चार-पाच महिने भुवईच्या वर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. "वयाचं असेल" म्हणून सांगितलं नाही. आम्हालाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. उद्याच फोन करते.

रानवाट

कुणाला घाबरवण्यापेक्षा दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. माझ्या मामांच्या नाकावरचा कर्करोग काढला होता. आठ वर्षं झाली. रेडिएशन घेतलं नाही आणि ते ठणठणीत आहेत. प्रत्येकाला ते लागतंच असं नाही.

सूक्ष्मदर्शी

रानवाट, अगदी खरं. मामांचा प्रकार कोणता होता? बेसल सेल असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

रानवाट

हो, बेसल सेलच. मोह्ज केलं होतं.

सूक्ष्मदर्शी

मग त्यांना नको होतं हेच योग्य. बेसल सेल हळू वाढतो, लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथींत) क्वचितच जातो, आणि कडा पूर्ण मोकळ्या असतील तर तिथे विषय संपतो. त्यालाही कधी रेडिएशन लागतं: पुन्हापुन्हा उद्भवलेला, हाडात किंवा मोठ्या नसेत शिरलेला, कड मोकळी नाही पण आणखी कापणं शक्य नाही असा. अशी माणसं थोडी.

"त्वचेचा कर्करोग" या एका नावाखाली स्वभावाने फार वेगळे आजार येतात. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावताना आधी प्रकार विचारावा, मग आकार, खोली, जागा, नस, कडा. कान आणि ओठ या जागा स्क्वेमससाठी जास्त जोखमीच्या. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत हाच आजार बराच आक्रमक वागतो. रानवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर धागा वाचून प्रत्येक बेसल सेलवाला रेडिएशन शोधत बसला असता.

ध्रुवपद

आमच्या आईला सांगितलं होतं आणि आम्ही नको म्हटलं.

हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. कानाच्या पाळीवर होता, स्क्वेमस, ऑपरेशन छान झालं. रिपोर्टमध्ये नसेबद्दल एक ओळ होती. आई तेव्हा ७६ ची. रोज जा-ये, तेही सहा आठवडे. आम्हा भावंडांना वाटलं, या वयात कशाला हाल. आईचंही मन नव्हतं. अकराव्या महिन्यात कानासमोर गालात गाठ लागली, पॅरोटिड या लाळग्रंथीतल्या नोडमध्ये. मग मोठं ऑपरेशन झालं, पॅरोटिड आणि मानेच्या गाठी काढल्या, एका बाजूचा चेहरा थोडा उतरला, आणि त्यानंतर रेडिएशन घ्यावं लागलंच. तेही आधीपेक्षा मोठ्या भागावर.

आई आज आहे, बोलते, पेपर वाचते. पहिल्यांदाच घेतलं असतं तर ही गाठ आली नसती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण निर्णय घेताना आम्ही सहा आठवड्यांचे हाल मोजले, दुसऱ्या पारड्यात काय आहे ते कुणाला विचारलंच नाही. ते विचारा.

पारंबी

ध्रुवपद, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही त्या वेळी आईच्या भल्याचंच बघितलं होतं.

किरणरेषा

तीसेक वर्षं रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, आता निवृत्त. कवडसाताईंच्या बाबांच्या "शेक कशाला" या प्रश्नावर थांबलो, कारण हा शब्दच निम्मी भीती घालतो. शेक म्हटलं की भाजणं आलं. प्रत्यक्षात टेबलावर काहीही जाणवत नाही. ऊब नाही, चटका नाही. एक्स-रे काढताना काय वाटतं? तेवढंच.

किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. चांगली पेशी ती मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करते, कर्करोगाच्या पेशीला ते तितकंसं जमत नाही आणि ती पुढे विभागताना मरते. म्हणून डोस एकदम न देता रोज २ ग्रे असा तुकड्यातुकड्याने देतात. दोन सिटिंगांच्या मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. पण मध्येच चार-सहा दिवस दांडी मारली तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही वाढायला सवड मिळते. एखादा दिवस हुकला तर कळवा, डॉक्टर तो भरून काढण्याची सोय बघतात. स्वतःहून सुट्टी घेऊ नका.

आता काय काय होईल ते सांगतो, म्हणजे बाबांना तिथे काही अनपेक्षित वाटणार नाही. पहिल्या दिवशी उपचार नसतो, मोजमाप असतं. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, काही मिनिटांत ती घट्ट होऊन चेहऱ्याचा साचा तयार होतो. तो मास्क घालून सीटी स्कॅन होतो. मग आठवडाभर किंवा थोडं जास्त डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून आराखडा करतात: जुन्या गाठीची जागा, व्रणाची पूर्ण लांबी, नसेची वाट, आणि डोळा, मेंदू, कानाचा आतला भाग कसा वाचवायचा. या आराखड्यावर खूप वेळ जातो. सुरू व्हायला उशीर होतोय म्हणून नातेवाईक चिडतात, तेव्हा मला सांगावंसं वाटायचं की हा वेळ तुमच्याच माणसाच्या डोळ्यासाठी जातोय.

त्वचेच्या कर्करोगात एक खास अडचण असते. आजचे शक्तिशाली एक्स-रे कातडीला वाचवत आत जातात. ६ एमव्हीच्या (हे किरणांच्या शक्तीचं माप) किरणांचा सर्वांत जास्त डोस कातडीखाली दीड सेंटिमीटरवर पडतो. इतर कर्करोगांत तो फायदा, इथे मात्र कातडीलाच डोस हवा. म्हणून कातडीवर बोलस ठेवतात, म्हणजे जेलचा किंवा मेणाचा एक थर. किरणांना वाटतं कातडी तिथूनच सुरू झाली. कधी एक्स-रेऐवजी इलेक्ट्रॉन वापरतात. ते मुळातच वरवर थांबतात: ६ एमईव्हीचे इलेक्ट्रॉन दोनेक सेंटिमीटरपर्यंत कामाचे, तीनच्या पुढे जवळपास संपतात. बाबांच्या बाबतीत नसेचा माग खोल काढायचा असेल तर एक्स-रेच लागतील असं वाटतं, पण ते ठरवणारे डॉक्टर.

थोडं विषयांतर करतो, मला ते नेहमी धीर देत आलंय. रोंटगेनने १८९५ मध्ये एक्स-रे शोधले आणि १८९९ मध्ये स्टॉकहोममध्ये डॉक्टरांनी त्याच किरणांनी चेहऱ्यावरचे त्वचेचे कर्करोग बरे करून दाखवले. किरणांनी बरे झालेले अगदी सुरुवातीचे कर्करोग त्वचेचे. डोळ्यांसमोर असतात, गाठ कमी होताना दिसते, म्हणून तिथून सुरुवात झाली.

उंबरठा

मग आधीच फक्त रेडिएशन का देत नाहीत? ऑपरेशन टळेल.

किरणरेषा

देतात कधीकधी. ऑपरेशन झेपणार नाही अशा वृद्ध माणसाला, किंवा पापणी, नाकाचा शेंडा अशा जागी, जिथे कापल्यावर फार विद्रूप होईल. पण शक्य असेल तिथे ऑपरेशन पहिलं, याला आधार आहे. फ्रान्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेलच्या ३४७ रुग्णांवर तुलना झाली, १९९७ मध्ये ती छापून आली. चार वर्षांत आजार राहिला किंवा परतला त्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत ०.७ टक्के आणि रेडिएशनवाल्यांत ७.५ टक्के. दिसण्याच्या बाबतीतही ऑपरेशन सरस ठरलं.

दुसरं कारण सूक्ष्मदर्शींच्या खात्यातलं. तुकडा काढल्याशिवाय नस, खोली, कडा कळणार कशा? ऑपरेशन गाठीचा मोठा भार काढतं आणि माहिती देतं. रेडिएशन त्यानंतर न दिसणाऱ्या पेशींसाठी. क्रम उलटा केला तर आणखी एक त्रास असतो: किरण दिलेल्या कातडीत पुढे ऑपरेशन करायचं झालं तर जखम भरायला फार कुरकुर करते.

झुळूक

माझ्या नवऱ्याला मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) आहे, मांडीवरचा. ऑपरेशन आणि जांघेतल्या गाठींची तपासणी झाली. आम्हाला रेडिएशनबद्दल कुणी काही बोललं नाही. हा धागा वाचून काळजी वाटायला लागली. आमचं काही राहून गेलं का?

सूक्ष्मदर्शी

झुळूक, राहून गेलं असं यावरून म्हणता येत नाही. मेलानोमाचं गणित वेगळं आहे. लिम्फ नोड काढल्यानंतर त्या जागी रेडिएशन द्यावं का, यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या गटाने मोठी चाचणी केली होती. त्या जागी आजार परतण्याचं प्रमाण कमी झालं, पण एकूण आयुष्य वाढलं नाही, आणि पायाला सूज येण्याचा त्रास वाढला. आता मेलानोमात जोखीम जास्त असेल तर ऑपरेशनसोबत इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधं) किंवा काही विशिष्ट औषधांकडे कल आहे. रेडिएशन मोजक्या ठिकाणी. टप्पा कोणता आणि पुढे औषध लागेल का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा.

याच्या नेमका उलट मर्केल सेल कार्सिनोमा. दुर्मीळ, झपाट्याने वाढणारा, पण किरणांना पटकन दाद देणारा. तिथे ऑपरेशननंतर रेडिएशन बऱ्याच जणांना देतात आणि फार दिवस थांबत नाहीत.

झुळूक

आभारी आहे. दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले.

उंबरठा

इम्युनोथेरपीचा विषय निघालाच आहे तर, स्क्वेमसमध्ये रेडिएशनऐवजी ती का नाही? किंवा सोबत केमो?

सूक्ष्मदर्शी

केमोचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. डोके आणि मानेवरच्या जास्त जोखमीच्या त्वचेच्या स्क्वेमसमध्ये ऑपरेशननंतर नुसतं रेडिएशन विरुद्ध रेडिएशन अधिक कार्बोप्लॅटिन, अशी ३२१ जणांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला. केमो जोडून वेगळा फायदा दिसला नाही. त्यातली मला जास्त बोलकी वाटलेली गोष्ट अशी की अशा कठीण रुग्णांतही, नुसत्या ऑपरेशन आणि रेडिएशनवर, पाच वर्षांनी ८० टक्क्यांहून अधिक जणांत आजार त्या भागात परतला नव्हता.

इम्युनोथेरपीत सेमिप्लिमॅब हे औषध आधी पसरलेल्या आजारासाठी आलं, २०१८ मध्ये. २०२५ मध्ये आणखी एका चाचणीचा निकाल आला. त्यात फार जास्त जोखमीचे रुग्ण होते, आणि सगळ्यांचं ऑपरेशन व रेडिएशन आधी झालेलं होतं. त्यानंतर निम्म्यांना हे औषध दिलं. दोन वर्षांनी आजाराशिवाय असणारे औषधाच्या गटात सुमारे ८७ टक्के आणि दुसऱ्या गटात ६४. म्हणजे हे औषध रेडिएशनच्या जागी दिलेलं नव्हतं, त्याच्यानंतर दिलेलं होतं. कवडसाताईंच्या बाबांना ते लागू आहे का, हे एमआरआय आणि त्या मुंग्यांची नोंद झाल्यावर त्यांचे डॉक्टर बघतील.

शुश्रूषा

रेडिएशन वॉर्डात परिचारिका आहे. कातडीची काळजी कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते.

पहिले दोन आठवडे काहीच होत नाही आणि लोक निर्धास्त होतात. तिसऱ्या आठवड्यात लाली, मग कोरडे पापुद्रे, शेवटी शेवटी काहींना कातडी ओली होते, पाझरते. सर्वांत वाईट दिवस उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत येतात. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "संपलं तरी वाढतंय" म्हणून घाबरतात. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं भरून येतं.

पाणी लावायचं नाही हा जुना समज. कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं. बिनवासाचं साधं मलम पातळ लावायचं. कोणतं ते विभागातून विचारून घ्या. घरगुती लेप, हळद, तेल काही नको. त्या भागावर वस्तरा नको, लागलंच तर इलेक्ट्रिक ट्रिमर. ऊन टाळायचं, रुंद कडेची टोपी. कातडी ओली झाली की त्याच दिवशी दाखवा, चिकटपट्टी लावू नका. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आता सोडायला हवी, जखम भरण्यात तिचा अडथळा फार.

जबडा किरणांच्या वाटेत येणार असेल तर सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेला दात काढायचा तर आधी. किरण दिलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरायला फार त्रास होतो.

कायमचे बदलही सांगायला हवेत. त्या जागचे केस परत न येण्याची शक्यता, कातडी फिकट आणि पातळ होणं, बारीक लाल शिरा दिसणं. आणि बऱ्याच वर्षांनी त्याच भागात नवा कर्करोग होण्याचा छोटा धोका. त्यामुळे तरुण रुग्णांत डॉक्टर हात राखून असतात. ७१ व्या वर्षी तो हिशेब वेगळा पडतो.

पारंबी

शुश्रूषाताई, "संपल्यानंतरचे दोन आठवडे" हे मला कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. माझी उशी ओली व्हायची आणि मी रात्रभर रडायचे.

सांजवात

ज्यांना रेडिएशन चालत नाही त्यांच्याबद्दल एक नोंद. आमच्या घरात गॉर्लिन सिंड्रोम आहे, लहान वयापासून खूप बेसल सेल होतात. अशांना किरण दिले तर त्याच भागात नव्या गाठी उगवतात. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या उन्हाने कातडी बिघडणाऱ्या जन्मजात आजारातही टाळतात. स्क्लेरोडर्मासारखे (कातडी कडक करणारे) आजार असतील, किंवा त्याच जागी आधी रेडिएशन झालेलं असेल, तर ते ठळकपणे सांगा. फॉर्मवर रकाना असतोच असं नाही.

कवडसा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. काल भेट झाली. मुंग्यांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच एमआरआय करून घेतला होता. नसेच्या वाटेवर काही दिसलं नाही. तरी नसेचा माग आराखड्यात धरणार आहेत. औषधाची सध्या गरज नाही म्हणाले.

बाबांनी स्वतः तीन प्रश्न विचारले. न घेतल्यास काय होऊ शकतं, डोळ्याचं काय, आणि नातीला जवळ घेता येईल का. तिसऱ्याला डॉक्टर हसले नाहीत, खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हे किरण मशीन बंद झालं की संपतात. तुमच्या अंगात काही उरत नाही. खुशाल घ्या." मला वाटतं बाबांनी होकार त्या उत्तरावर दिला.

किरणरेषा

फार बरं वाटलं. मास्कची भीती वाटली तर त्यांना सांगा, टेक्नॉलॉजिस्ट काचेपलीकडून सतत बघत असतो आणि हात वर केला की मशीन थांबवतो.

कवडसा

(चौथा आठवडा.) अठरा झाले, बारा राहिले. मास्कमध्ये पहिल्या दिवशी त्यांनी हात वर केला होता. थांबवलं, पाणी दिलं, पुन्हा घातला. तेव्हापासून एकदाही नाही. कानशील तांबडं आहे, कानामागे पापुद्रे. दुपारी फार थकतात, झोपतात. लावलेल्या कातडीची एक कड थोडी काळी पडली होती म्हणून दोन दिवस आम्ही हादरलो होतो, पण सर्जननी बघून ठीक आहे म्हटलं.

कवडसा

(संपून दहा दिवस.) शुश्रूषाताई, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच. ओलं झालंय. ड्रेसिंगला एक दिवसाआड जातोय. बाबा चिडचिडे झालेत आणि आज पहिल्यांदा म्हणाले, "नसतं घेतलं तर बरं झालं असतं." तुमचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण मलम स्वतः मागून घेतलं.

शुश्रूषा

आठ-दहा दिवस आणखी. ताप आला, वास आला किंवा दुखणं एकदम वाढलं तर वाट बघू नका.

कवडसा

(पाच महिने.) जखम पूर्ण भरली. जागा फिकट आहे, कल्ल्याचे केस आले नाहीत. मुंग्या थांबल्यात, भुवईवर थोडी बधिर जागा उरलीय. दर तीन महिन्यांनी तपासणी, मानेला आणि कानासमोर हात लावून बघतात. आजार परतायचाच असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत, त्यामुळे ही दोन वर्षं एकही तारीख चुकवायची नाही असं ठरलंय. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा आरशासमोर उभे राहून मान चाचपतात आणि मला हाक मारतात, "तूही बघ गं एकदा."

ओंजळ

हा धागा आज सापडला. काकांचा रिपोर्ट कालच हातात आलाय, ओठावरचा स्क्वेमस. काही कळत नाहीये. कुठून सुरुवात करू?

कवडसा

ओंजळ, आधी खोली किती मिमी लिहिलीय ते बघ. मग "डीप मार्जिन" (खालची कड) आणि "पेरिन्यूरल" या दोन ओळी शोध. नाव, हॉस्पिटल काही न लिहिता फक्त तेवढं इथे टाक. आणि काकांना विचार, ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा, मुंग्या आहेत का. आजच विचार.